काट्यावर चढलेली श्रमाची किंमत

पुण्यातल्या सोसायटीत सकाळी ढकलगाडी शिरली की कचरावेचक मावशींचे हात नुसते उचलत नाहीत, निवडत असतात. भाजीच्या देठांत गुंतलेली दुधाची पिशवी त्या दोन बोटांनी उपसतात, झटकतात, वेगळी टाकतात. पुठ्ठा, रद्दी, बिसलरीच्या बाटल्या, काच, पत्रा, ज्याचं त्याचं पोतं. लाल ठिपक्याची पुडी तेवढी न उघडता बाजूला जाते. आत सॅनिटरी पॅड आहे हे ठिपकाच सांगतो. ठिपका काढणारी घरं थोडी. बाकीच्यांचा कागद हातानेच उलगडावा लागतो, आणि ते पाहणाऱ्यालाच लाज वाटते.

मग भंगाराचं दुकान. तिथे मावशींची नजर काट्यावरून हलत नाही. भिजलेल्या पुठ्ठ्याचा भाव पडतो, म्हणून पावसाळ्यात कमाई घसरते.

हे काम म्हणजे श्रम आहेत, हे मान्य करून घ्यायला पुण्यात दोन वेगळ्या वळणाची माणसं एकत्र यावी लागली. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या पौर्णिमा चिकरमने आणि लक्ष्मी नारायण वस्त्यांत शिकवायला गेल्या आणि कचरा वेचणाऱ्या बायकांमागून फिरू लागल्या. दुसरीकडे हमालांची संघटना उभी केलेले बाबा आढाव होते. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. मोर्चे, ठिय्ये ही युनियनची रीत; मोजणी आणि नोंदी ही विद्यापीठाची. ओळखपत्रावर महापालिकेची मोहोर आली, तशी ‘चोर’ म्हणून हटकणाऱ्याला दाखवायला हातात काही आलं. पुढे २००१ च्या अभ्यासात या बायका किती कचरा परस्पर वळवतात आणि पालिकेचा वाहतुकीचा किती खर्च वाचवतात, याचा हिशेब मांडला गेला. पालिकेने आरोग्य विम्याचा हप्ता भरायला सुरुवात केली ती त्यानंतर. नुसत्या कळवळ्यावर तो मिळाला असता, असं मला वाटत नाही.

२००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था पालिकेशी करार करून दारोदार जाऊ लागली. पगार नाही, घरागणिक मासिक शुल्क आणि भंगाराचे पैसे, एवढीच मिळकत. ‘भंगारही नेता, वर पैसे कशाला?’ म्हणणारी घरं आहेतच. २०२० च्या अखेरीस करार संपला, तेव्हा नवा करार पूर्ण मुदतीचा व्हावा म्हणून बायकांना पुन्हा रस्त्यावर यावं लागलं, आणि वाचवलेल्या खर्चाचे आकडेही पुन्हा मांडावे लागले.