वळणरस्त्यावर माणसं झोपलेली असतात

२२ फेब्रुवारी २०२५ ची पहाट. जालना जिल्ह्यात जाफराबाद तालुक्यातल्या पासोडी शिवारात पुलाचं काम चालू होतं आणि कामावरचे मजूर तिथंच पत्र्याच्या शेडमध्ये झोपले होते. वाळूचा टिप्पर आला, अंधारात त्या शेडवरच रिकामा झाला. पाच जण वाळूखाली दबून गेले.

तो टिप्पर कामावरचाच होता, रस्त्याने जाणारा वाटसरू नव्हता. तरी ‘रस्त्याचे काम चालू आहे’ अशी पाटी दिसली की मला पासोडी आठवते. त्या पाटीपलीकडे माणसं राहतात. तिथं त्यांची चूल असते, दोरीवर वाळत घातलेले कपडे असतात, लेकरं असतात. आपण मात्र ती जागा उशीर करणारी अडचण समजतो आणि हॉर्न दाबून पुढं रेटतो.

आपल्या जिल्ह्यात काम चालू असलेला रस्ता जास्त धोक्याचा का, हे जमिनीत दडलेलं आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर सरळ रस्ता टिकत नाही, म्हणून ती खोल उकरून काढायची, मुरूम भरायचा, दबाई करायची आणि मग वर थर चढवायचे. त्यामुळे कित्येक महिने अर्धा रस्ता खड्ड्यात आणि अर्धा वर अशी स्थिती असते. काँक्रीटची एक बाजू झाली की तिचा काठ शेजारच्या रस्त्यापेक्षा वीतभर उंच राहतो.

सर्वांत जास्त जपायचं ते या काठाला, आणि तेही दुचाकीवाल्याने. तिरकं जाऊन काठ चढायला पाहिलं की पुढचं चाक काठाला घासत राहतं, हँडल वळत नाही आणि गाडी क्षणात आडवी होते. पाठीमागून हायवा येत असेल तर पुढचं सांगायला नको. एकदा खालच्या बाजूला उतरलात तर खालीच राहा. जिथं मुरूम टाकून चढ केला आहे तिथंच, वेग कमी करून, सरळ वर या. चारचाकीवाल्यानेही समोरच्याला साइड देताना चाक ताज्या भरावावर घालू नये. वरून टणक दिसणारी साइडपट्टी पहिल्या पावसानंतर आतून लोण्यासारखी असते.

आता वेगाचं गणित. धोका दिसल्यापासून गाडी पूर्ण थांबेपर्यंत लागणारं अंतर रस्ते-अभियंते ताशी ४० किलोमीटरला ४५ मीटर धरतात, ६० ला ८० मीटर आणि ८० ला १२० मीटर. वेग दुप्पट केला तर अंतर जवळपास तिप्पट होतं. रात्री डिपरवर असताना दिव्याचा उजेड साधारण ४०-५० मीटरच पोचतो. म्हणजे साठच्या वेगात समोर मातीचा ढीग दिसेल तेव्हा थांबायला वाट उरलेलीच नसेल. त्यात धुळीचा लोट, समोरून येणारा अप्पर, विना दिव्याची उसाची ट्रॉली. जालन्यात तर सळया भरलेले ट्रकही पुढं असतात. बाहेर डोकावणाऱ्या सळया कायद्याने चालत नाहीत, तरी दिसतात. त्यांच्यामागे एरवीपेक्षा दुप्पट अंतर ठेवावं.

कामाची जागा कशी राखावी याचे नियम इंडियन रोड्स काँग्रेसने लिहून ठेवले आहेत. ही संस्था १९३४ सालची. ती ज्या समितीच्या शिफारशीतून उभी राहिली, तिचे अध्यक्ष आपले मुकुंदराव जयकर होते. नियमांप्रमाणे आधी सूचनेचा पट्टा, मग लेन हळूहळू अरुंद करणारा, मग प्रत्यक्ष कामाचा आणि शेवटी मोकळं करणारा. पहिल्या पिवळ्या पाटीलाच वेग उतरवायचा, हे बहुतेकांना ठाऊक असतं. शेवटची पाटी मात्र कुणी पाहत नाही. समोरची शंभर पावलं मोकळी दिसली की पाय ॲक्सिलरेटरवर जातो, आणि पुढच्या वळणावर रोलर उभा असतो.

पण सगळा भार चालवणाऱ्यावर टाकणं मला मान्य नाही. ९ सप्टेंबर २०२५ च्या मध्यरात्री समृद्धी महामार्गावर, शेजारच्या जिल्ह्यात माळीवाड्याजवळ, गाड्यांची चाकं पंक्चर झाली. रस्त्यात खिळे ठोकल्याची ओरड झाली. प्रत्यक्षात भेगांमध्ये इपॉक्सी भरण्यासाठी बसवलेल्या त्या ॲल्युमिनियमच्या नळ्या होत्या. त्या तशाच उभ्या असताना गाड्या त्यांच्यावरून गेल्या. तिथं कितीही सावध चालक काय करणार होता? २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आलं. रस्त्याचे निकष न पाळल्याने कुणी दगावलं किंवा अपंग झालं, तर संबंधित यंत्रणेला, ठेकेदाराला, सल्लागाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. जिवापुढे ही रक्कम मला फार तोकडी वाटते. तरीही पाटी नसलेला खड्डा दिसला तर फोटो काढा, किलोमीटरचा दगड टिपा. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ ला फोन लावा. फोटो काढण्याआधी गाडी मात्र पूर्ण बाजूला घ्या.

आणि झेंडी धरून उभा असलेला माणूस. दिवसभर धुळीत, डोक्याला उपरणं गुंडाळून तो उभा असतो. समोरची वाहतूक येते आहे, हे त्याला दिसतं, आपल्याला दिसत नाही. त्याची लाल झेंडी वर असेल तर काच खाली करा आणि थांबा. अंधार पडल्यावर त्याच्याशेजारी उभे असाल तेव्हा दिवे डिपरवर घ्या, कारण अप्परच्या झोतात त्याला समोरची गाडी दिसेनाशी होते.