तेर : वाट वाकडी करून पाहावे असे गाव

सोलापूरहून धाराशिवमार्गे लातूरला जाणारी मोटार सहसा तेर गावात शिरत नाही. लग्नकार्य असो वा व्यापाराचे काम, प्रत्येकास पोहोचण्याची घाई असते. वस्तुतः तेरणा नदीच्या काठचे हे लहानसे गाव दोन हजार वर्षांपूर्वी सातासमुद्रापलीकडील व्यापाऱ्यांना ‘तगर’ या नावाने परिचित होते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापाराच्या मार्गदर्शिकेत, पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याची नोंद आहे. तेथील साधे कापड व तलम मलमल गाड्यांत लादून, बिकट वाटांनी भडोच बंदराकडे जात असे. हे तगर म्हणजेच तेर, असे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये प्रतिपादन केले.

गावातील विटांचे त्रिविक्रम मंदिर प्रथम पाहावे. गजपृष्ठाकार छपरामुळे ते बौद्ध चैत्यगृहाची आठवण करून देते. आत मात्र त्रिविक्रम विष्णू विराजमान आहे. नदीकाठी संत गोरोबाकाकांचे समाधिमंदिर आहे. गावात महावीरांचे प्राचीन मंदिरही असल्याने श्रावकांना दर्शनाचा लाभ घडतो.

तथापि तेरचे खरे वैभव वस्तुसंग्रहालयात आहे. गावचे रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी परिसरातील पांढरीच्या टेकाडांवर सापडणारी नाणी, मणी, मृण्मूर्ती चिकाटीने गोळा केल्या. आज तो संग्रह शासनाच्या ताब्यात आहे. त्यातील हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय मूर्तीशी विलक्षण साम्य आहे. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेव्हा या दोन गावांमधील व्यापाराची कल्पना येते.

येथे व्यापाऱ्याच्या मनात एक विचार आल्यावाचून राहत नाही. तगरचे कापड विरून गेले, पेढ्या लोपल्या, एकाही व्यापाऱ्याची वही आपल्या हाती उरली नाही. त्यांच्या मालाची कीर्ती टिकली ती एका परदेशी माणसाच्या चार ओळींमुळे आणि एका गावकऱ्याने वेचलेल्या खापरांमुळे. आपल्या घरांतील आजोबा-पणजोबांच्या चोपड्या मात्र दिवाळीच्या साफसफाईत रद्दीच्या भावाने जातात.

तेरसाठी अर्धा दिवस पुरेसा आहे. संग्रहालयाच्या सुटीचा वार आधी विचारून घ्यावा, मुलांना अवश्य सोबत न्यावे, आणि घरी परतल्यावर माळ्यावरच्या जुन्या वह्यांची धूळ झटकून त्या नीट बांधून ठेवाव्यात.