सब्जा-लिंबाचे सरबत : थंडावा नेमका कोठून येतो?

चैत्र सरून वैशाख लागला की सुरतेच्या घराघरांतून सरबतांचे दिवस सुरू होतात. गुजराती शेजाऱ्यांकडे वरियाळीचे सरबत होते, आपल्याकडे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्हे होते, आणि दोन्हीकडे सारखेच लोकप्रिय असे लिंबाचे सरबत, त्यात भिजवलेला सब्जा घालून, पाहुण्यांपुढे येते. फालुद्यात दिसणारे काळ्या ठिपक्यांचे पारदर्शक मणी ते हेच. "सब्जा घ्या, उष्णता कमी होईल" असे आपल्या आजीपासून आजच्या वृत्तपत्रांतील आरोग्य सदरांपर्यंत सर्वांनी सांगितलेले आहे. ही उष्णता कमी होते म्हणजे नेमके काय होते, त्यात सब्जाचा वाटा किती, लिंबाचा किती, आणि हे सरबत कोठे पुरेसे पडत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आपल्या शहरात लूम, रंगाई-छपाईच्या मिल आणि बांधकामे यांवर राबणारे असंख्य हात आहेत. त्यांतील पुष्कळ खानदेशातून आलेले, आपलेच आहेत. त्यांच्यासाठी हा प्रश्न केवळ रुचीचा नाही.

बी एवढेसे, पाणी केवढे!

सब्जा म्हणजे गोड तुळशीच्या, अर्थात ऑसिमम बॅसिलिकम या वनस्पतीच्या बिया. वृंदावनातील तुळस तिची सख्खी बहीण, पण ती नव्हे. गुजरातीत याला तकमरिया म्हणतात. त्यातील 'तुख्म' हा बी या अर्थाचा फारसी शब्द होय. मोगल काळातील या मोठ्या बंदरात इराण-अरबस्तानाशी चाललेल्या व्यापाराची अशी कितीतरी चिन्हे आपल्या स्वयंपाकघरात अजून नांदत आहेत.

कोरडा सब्जा काळा, बारीक आणि दाताला टणक लागतो. पाण्यात पडताच त्याच्या बाह्य आवरणातील पिष्टमय तंतू पाणी शोषून फुगतात आणि काही मिनिटांत प्रत्येक बीभोवती निळसर-पांढरा, बुळबुळीत थर तयार होतो. बियांना हा गुण निसर्गाने आपल्या सरबतासाठी दिलेला नाही. कोरड्या जमिनीत पडलेल्या बीला पहिल्या पावसाचे पाणी धरून ठेवता यावे, मातीला चिकटून राहता यावे आणि रुजता यावे, यासाठी ही योजना आहे. बाळंतिणीच्या लाडवासाठी भिजवलेले अळीव आणि उत्तर गुजरातेत पिकून उंझ्याच्या बाजारात येणारे इसबगोल याच गुणाचे. वैद्यकीय परिभाषेत हे विद्राव्य तंतू होत. ते मलाला मृदुता देतात, जठरातून अन्न पुढे सरकण्याचा वेग थोडा कमी करतात आणि पोट भरल्याची भावना देतात. उन्हाळ्यात कमी पाणी प्याल्याने होणाऱ्या बद्धकोष्ठावर सब्जाचा उपयोग होतो तो यामुळेच.

मात्र शरीराचे तापमान खाली आणणारे द्रव्य सब्जात नाही. मग थंडावा येतो कोठून?

ग्लासातील थंडावा आणि घामातील थंडावा

एक साधे गणित करून पाहू. दहा अंश सेल्सिअसचे २५० मिलिलिटर सरबत प्याल्यावर ते शरीराच्या ३७ अंशांपर्यंत तापते. त्यासाठी शरीरातून जाणारी उष्णता जेमतेम सात किलोकॅलरी. तेच २५० मिलिलिटर पाणी घामाच्या रूपाने त्वचेवर येऊन वाळले, तर ते सुमारे १४५ किलोकॅलरी उष्णता घेऊन जाते, म्हणजे वीस पट! सरबताचा खरा गारवा ग्लासातील बर्फात नसून, पुढील तासाभरात त्यापासून तयार होणाऱ्या घामात आहे. सरबत म्हणजे शरीराच्या शीतयंत्राला पुरविलेला कच्चा माल होय.

या यंत्राची एक अट आहे. घाम वाळला पाहिजे. अंगावरून ओघळून जमिनीवर पडलेला घाम पाणी व मीठ घेऊन जातो, उष्णता नेत नाही. समुद्र जवळ असल्याने सुरतेची हवा दमट. त्यामुळे येथील ३६ अंशांचा दिवस जळगाव-भुसावळच्या कोरड्या ४२ अंशांहून सोसण्यास सोपा असतो, असे गृहीत धरू नये. रंगाईच्या खात्यात वाफ, लूमच्या खात्यात बंद खिडक्या आणि यंत्रांची उष्णता, आणि अनेकदा बारा तासांची पाळी. अशा ठिकाणी कष्टाचे काम करणाऱ्याला तासाला एक लिटरपर्यंत घाम येऊ शकतो, आणि एका लिटर घामाबरोबर साधारण एक ते चार ग्रॅम मीठ जाते. संध्याकाळी "डॉक्टरसाहेब, पोटऱ्यांत गोळे येतात, डोके जड वाटते" म्हणून येणाऱ्या रुग्णाने दिवसभर पाणी पुष्कळ प्यालेले असते, मीठ मात्र भरून निघालेले नसते. कामावर नवा रुजू झालेला किंवा लग्नसराईसाठी गावी जाऊन महिनाभराने परतलेला कामगार याला अधिक बळी पडतो. कारण उष्णतेची सवय होऊन घामातील मीठ कमी होण्यास आठवडा ते पंधरवडा लागतो.

म्हणून या सरबतातील सर्वांत मोलाचे घटक सर्वांत साधे आहेत : पाणी आणि चिमूटभर मीठ. साखर थोडी असली की आतड्यात ती सोडियमचा हात धरून आत शिरते आणि पाठोपाठ पाणीही ओढून नेते.

लिंबाचा वाटा

लिंबाच्या रसात सुमारे पाच-सहा टक्के सायट्रिक आम्ल असते, आणि क जीवनसत्त्वही असते. १७४७ मध्ये जेम्स लिंड या नौदलाच्या वैद्याने स्कर्व्ही झालेल्या बारा खलाशांवर निरनिराळे उपाय करून पाहिले. संत्री व लिंबे मिळालेले दोघे सर्वांत लवकर बरे झाले. वैद्यकातील तुलनात्मक प्रयोगाचे हे आद्य उदाहरण आपण सर्व विद्यार्थिदशेत शिकलो आहोत.

सुरतेचा आणि लिंबाच्या पेयांचा संबंधही जुना आहे. १६३८ मध्ये येथे आलेल्या मॅन्डेल्सलो या जर्मन प्रवाशाने इंग्रजांच्या वखारीतील एका पेयाचे वर्णन केले आहे. त्यात मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर असे. पुढे १६८९ मध्ये आलेल्या ओव्हिंग्टन या पाद्र्याने मसाला घालून उकळलेल्या चहाची नोंद केली. डोकेदुखी, मूतखडा आणि पोटातील मुरडा यांवर तो गुणकारी मानला जाई, आणि चोखंदळ लोक त्यासोबत मुरवलेली छोटी लिंबे घेत.

मूतखड्याचा उल्लेख आजही लक्षवेधी वाटतो. उन्हाळ्यात घामावाटे पाणी गेले की मूत्र घट्ट होते आणि खडे होण्याचा संभव वाढतो. मूत्रातील सायट्रेट कॅल्शियमला बांधून ठेवते व खडा होण्यास अटकाव करते, म्हणून लिंबाचा सल्ला दिला जातो. तथापि, खरे औषध पाणीच. दिवसाकाठी दोन ते अडीच लिटर मूत्र होईल इतके द्रव पोटात जावे, हा मुख्य उपदेश. लिंबाच्या चवीमुळे माणूस आणखी एक ग्लास पितो, हाच लिंबाचा मोठा उपकार!

कृती

एक लिटर, म्हणजे चार ग्लासांसाठी :

पिण्याचे स्वच्छ पाणी १ लिटर, सब्जा २ चहाचे चमचे, मध्यम आकाराची रसरशीत लिंबे २, साखर ८ सपाट चमचे, मीठ पाव चमचा, आवडीप्रमाणे भाजलेल्या जिऱ्याची पूड किंवा पुदिन्याची पाने.

१) सब्जा ताटात पसरून खडे-कचरा कोरडा असतानाच निवडावा. भिजल्यावर निवडणे अशक्य होते.

२) लिटरमधीलच एक कप पाणी वाडग्यात घेऊन त्यात सब्जा भुरभुरावा आणि लगेच ढवळावा, नाहीतर गुठळ्या होतात. पाच मिनिटांनी पुन्हा ढवळावे. पंधरा-वीस मिनिटांत तो पूर्ण फुगतो. भिजवण्यास साधे पाणीच घ्यावे. मीठ व लिंबू आधीच घातल्यास फुगण्याची क्रिया मंदावते.

३) उरलेल्या पाण्यात साखर व मीठ पूर्ण विरघळवून घ्यावे.

४) लिंबाचा रस शेवटी, प्यावयाच्या वेळी पिळावा. क जीवनसत्त्व उष्णतेने व हवेने नाश पावते, म्हणून रस उकळू नये व फार वेळ ठेवू नये. बिया चिरडल्यास कडवटपणा येतो.

५) फुगलेला सब्जा घालून ढवळावे आणि माठातील पाण्याइतके गार असतानाच प्यावे. उरलेला भिजवलेला सब्जा शीतकपाटात ठेवून त्याच दिवशी संपवावा.

या प्रमाणात एका ग्लासात सुमारे दहा ग्रॅम साखर जाते. बाजारात हल्ली सब्जाच्या शेजारी चिया बियाही मिळतात. त्या करड्या, ठिपकेदार, मूळच्या मेक्सिकोकडील आणि वेगळ्या वनस्पतीच्या. त्या फुगण्यास अधिक वेळ घेतात. सरबतासाठी सब्जाच सोयीचा व स्वस्त.

बर्फाविषयी एक शब्द. बाहेरचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असे नाही. विषमज्वर, कावीळ आणि अतिसार यांचे रुग्ण उन्हाळ्यात का वाढतात, हे आपल्या सभासदांना सांगावयास नको.

कोणी जपून घ्यावे?

सब्जा कोरडा कधीही गिळू नये. तो अन्ननलिकेत फुगतो. २०१४ मध्ये अमेरिकेत कोरड्या चिया बिया गिळून वर पाणी प्यालेल्या एका रुग्णाची अन्ननलिका बंद झाल्याची नोंद वैद्यकीय परिषदेत सादर झाली होती. सब्जाचा गुणधर्म तोच. लहान मुले, पक्षाघातानंतर गिळण्यास त्रास होणारे वृद्ध आणि आतड्यात अडथळा असलेले रुग्ण यांना सब्जाविना सरबत द्यावे. सहा महिन्यांखालील बाळाला भर उन्हाळ्यातही आईच्या दुधाखेरीज काहीही नको.

मधुमेहींनी साखर वगळावी. सब्जाने साखरेचे शोषण थोडे मंदावते, पण त्यामुळे सरबतातील साखर माफ होत नाही. उच्च रक्तदाब, हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मीठ व द्रवाचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. नियमित औषधे आणि सब्जा यांत तास-दोन तासांचे अंतर ठेवावे, कारण बुळबुळीत तंतू औषधांच्या शोषणात अडथळा आणू शकतात. याउलट, उन्हात वा भट्टीजवळ राबणाऱ्या निरोगी माणसाने मीठ पाव चमच्याऐवजी अर्धा चमचा घ्यावे.

सरबत म्हणजे ओआरएस नव्हे

हा भेद प्रत्येक घरात ठाऊक हवा. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने थैमान घातले. शिरेवाटे देण्याचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा व ग्लुकोज यांचे मोजून केलेले मिश्रण पिण्यास देऊन असंख्य प्राण वाचविले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. त्या मिश्रणाचे सामर्थ्य मोजमापात आहे. २००२ पासूनच्या सूत्रानुसार एका लिटरमध्ये सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. आपल्या सरबतात साखर त्याहून अधिक आणि क्षार पुष्कळच कमी. जुलाबात जादा साखर आतड्यात उलट पाणी ओढते. म्हणून अतिसार झाल्यास सरबत बाजूला ठेवून ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात विरघळवावी. पुडी नसल्यास एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. नावात ओआरएस असलेली गोड पेये विकली जात. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, विहित सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर तो शब्द वापरण्यास मनाई केली.

उष्माघात तर सर्वस्वी निराळा. अंग भट्टीसारखे तापलेले, बोलणे असंबद्ध, शुद्ध हरपत चाललेली, अशा माणसाच्या तोंडात सरबत ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. त्याला सावलीत आणावे, कपडे सैल करावे, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालावा, आणि लगेच १०८ ला कळवावे. मे २०१० च्या लाटेत एकट्या अहमदाबादेत, नेहमीच्या मे महिन्यापेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले. त्यातूनच २०१३ मध्ये तेथे उष्णता कृती आराखडा तयार झाला, आणि पुढे तो इतर शहरांना मार्गदर्शक ठरला.

समारोप

खानदेशात आखाजीला पाण्याने भरलेली घागर पूजतात आणि वाटसरूला पाणी पाजणे हे पुण्य मानतात. ताप्तीकाठाने येथे येऊन स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांनी हा संस्कार सोबत आणला आहे. त्याला शास्त्राची एवढीच जोड द्यावी, की कारखान्याच्या दारात, दुकानापुढे आणि आपल्या दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षात गार पाण्याच्या माठाशेजारी मोजून केलेले मीठ-साखर-लिंबाचे पाणी असावे, आणि तहान लागण्याची वाट न पाहता, दर अर्ध्या तासाने थोडे थोडे प्यावे, असे कामगाराला सांगणारे कोणीतरी असावे. सब्जा त्यात असला तर ग्लास अधिक देखणा होईल, पिणारा सावकाश पिईल आणि दुसऱ्यांदा मागेल. त्याचे काम तेवढेच, आणि वैशाखात तेही मोठे आहे.