जेवणाच्या टेबलावर विमानं

मैत्रिणींनो, विमानांची लढाई टेबलावरही खेळता येते बरं का! इटलीत २००४ साली आलेला ‘विंग्ज ऑफ वॉर’, आताचा ‘विंग्ज ऑफ ग्लोरी’, मी लेकीबरोबर शिकले. चिमुकल्या प्रतिकृती महाग. सुरुवातीला पुठ्ठ्याची विमानंही चालतात. दोघींनी वळणांचे तीन-तीन पत्ते पालथे लावायचे, मग एकेक एकदम उलटून विमान बाणाप्रमाणे पुढे सरकवायचं. अंतर पट्टीनं मोजायचं. अर्ध्या पट्टीच्या आत नेम लागला, की समोरचीला नुकसानीचे दोन पत्ते, लांबून एकच.

माझं विमान एस.ई.५ए. पहिल्या महायुद्धात आपला इंद्रलाल रॉय हेच उडवायचा. १० विजय मिळवून जुलै १९१८मध्ये तो पडला, अवघ्या १९व्या वर्षी. लेकही १९चीच. तिच्यावर नेम धरताना माझा हात अडखळतो. ती मात्र बिनधास्त झाडते! पहिल्या दिवशी एकेकच विमान घ्या. आणि टेबल मोठं हवं.