पुष्पमांडणी आणि रूपबंधाचे स्थलांतर

जपानी धाटणीच्या हस्तकलावस्तू विकणारे छोटे दुकान आता जपानबाहेरच्या अनेक शहरांत आढळते. त्याचे अंतरंग बहुधा ठरलेले असते. एका फळीवर हातकागदाच्या पेट्या व शुभेच्छापत्रे, दुसरीवर रंगीत दोऱ्यांनी वेढलेले 'तेमारी' चेंडू, शेजारी घडी घातलेली 'फुरोशिकी' नावाची चौकोनी वस्त्रे आणि निळ्या कापडावर पांढऱ्या टाक्यांचे 'साशिको' भरतकाम. कोपऱ्यातील मेजावर, एका उथळ भांड्यात, दोन फांद्या आणि एक फूल. आठवड्यातून एखाद्या दिवशी त्याच मेजाभोवती चार-सहा विद्यार्थी पुष्पमांडणी शिकतात. फळ्यांवरील प्रत्येक वस्तूला किमतीची चिठ्ठी असते. मेजावरील मांडणीला ती नसते. थोड्या दिवसांत सुकणारी ही गोष्ट विकत घेऊन काहीच हाती लागावयाचे नाही. ती केवळ शिकता येते. हा भेद दिसावयास किरकोळ असला, तरी तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला तो विचारप्रवृत्त करणारा आहे. कारण एका संस्कृतीतून दुसरीत काय जाते आणि काय जात नाही, हा मूलभूत प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

प्रथम विकाऊ वस्तूंचा विचार करणे इष्ट ठरेल. साशिको हे मुळात शेतकरी व कोळी कुटुंबांतील स्त्रियांचे काम. विटलेल्या कापडाचे थर एकमेकांवर ठेवून ते शिवले, म्हणजे वस्त्र टिकाऊ आणि उबदार होई; टाक्यांची नक्षी ह्या गरजेतूनच उमलली. मराठी घरातील गोधडी किंवा बंगालमधील कांथा ह्यांची जन्मकथा ह्याहून फारशी वेगळी नाही. तेमारीच्या गाभ्यातही जुन्या किमोनोच्या चिंध्याच असत. अशा निनावी हातांनी घडविलेल्या नित्योपयोगी वस्तूंकडे सौंदर्यदृष्टीने पाहण्याची सवय लावली, ती यानागी सोएत्सु (१८८९–१९६१) ह्या विचारवंताने. हामादा शोजी व कावाई कान्जिरो ह्या कुंभारकलावंतांच्या सहवासात १९२५ च्या सुमारास 'मिंगेई', म्हणजे लोकांची हस्तकला, हा शब्द रूढ झाला आणि १९३६ मध्ये तोक्यो येथे ह्या कलेचे संग्रहालय उघडले गेले. वस्तूचे सौंदर्य तिच्या वापरात असते, ही यानागींची भूमिका होती. दुकानाच्या फळीवर मात्र ह्या भूमिकेची कसोटी लागते. जे कापड थंडीत अंगावर घ्यावयाचे, ते चौकटीत बसवून भिंतीवर टांगले जाते. वस्तू अखंड पोहोचते. तिच्याभोवतीचा व्यवहार मात्र मागे राहतो.

पुष्पमांडणीच्या बाबतीत नेमके उलट घडते. 'इकेबाना' ह्या शब्दातील पहिल्या पदाचा अर्थ जगविणे असा आहे, दुसऱ्याचा फूल. बौद्ध मंदिरांतील पुष्पार्पणाच्या आचारात ह्या कलेचे मूळ शोधले जाते. क्योतो येथील रोक्काकुदो मंदिराच्या तळ्याकाठी राहणाऱ्या पुरोहितांच्या परंपरेला 'इकेनोबो' हे नाव पडले. ह्याच परंपरेतील सेनकेई ह्याच्या मांडणीचा उल्लेख १४६२ मधील एका भिक्षूच्या दैनंदिनीत येतो. सोळाव्या शतकात सेन्नो ह्याने तिची तत्त्वे शब्दबद्ध केली. अनेक फांद्यांतून एक संपूर्ण निसर्गदृश्य सुचविणारी भव्य 'रिक्का', चहाच्या खोलीतील एखाद-दुसऱ्या फुलाची साधी मांडणी, आणि तीन फांद्यांवर उभारलेली 'शोका' असे तिचे निरनिराळे घाट काळाच्या ओघात सिद्ध झाले. तीन फांद्यांना आकाश, मानव व पृथ्वी असे अर्थ लावण्याची प्रथा पुढे सर्वदूर पसरली.

ह्या कलेची कार्यपद्धती व्याकरणासारखी नेमकी आहे. सोगेत्सु पंथाच्या प्राथमिक पाठात भांड्याची रुंदी व उंची ह्यांच्या बेरजेच्या दीडपट ते दुप्पट लांबीची फांदी मुख्य मानतात. दुसरी तिच्या तीन-चतुर्थांश, तिसरी दुसरीच्या तीन-चतुर्थांश किंवा निम्मी. पहिली उभ्या रेषेपासून सुमारे १५ अंशांत, दुसरी ४५ अंशांत, तिसरी ७५ अंशांत कलती ठेवावयाची. देठ पाण्याखाली धरून कापावयाचे, म्हणजे त्यात हवा शिरत नाही व फूल अधिक टिकते. खिळ्यांची जड धातूची बैठक भांड्याच्या मधोमध न ठेवता एका बाजूस ठेवतात. उरलेले पाणी उघडे राहते. हे उघडे पाणी आणि फांद्यांमधील मोकळी जागा हा रचनेचाच घटक होय. जपानी भाषेत ह्या अर्थगर्भ अंतरास 'मा' म्हणतात. विद्यार्थ्याचा बराचसा वेळ फुले खोचण्यात जात नाही; कोणती पाने काढावी आणि कोठे हात आवरावा, हे ठरविण्यात जातो.

भारतीय वाचकाला येथे आपल्या पुष्पव्यवहाराचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रातील चौसष्ट कलांच्या यादीत फुलांची शय्या घालणे, माळा गुंफणे, शिरोभूषणे रचणे अशा पुष्पकला वेगवेगळ्या गणल्या आहेत. हार, वेणी, गजरा, रांगोळीतील पाकळ्या ह्या सर्वांत फूल देठापासून सुटते आणि समूहाचा अंश होते. त्याचे सौंदर्य आवृत्तीत आणि दाटीत असते. इकेबानात फूल फांदीसह, पानासह, कळीसह येते आणि एकटे उभे राहते. परंतु हा भेद सरसकट मानणे चूक ठरेल. भाद्रपदात अनेक मराठी घरांत गौर म्हणून तेरड्याचे रोप आणले जाते, ते देठापानांसह. गणेशपूजेतील पत्रीतही फुलापेक्षा पानाला महत्त्व असते. शिवाय दोन्हीकडे पुष्पाचे क्षणिकत्व गृहीत आहे. वाहिलेले फूल दुसऱ्या दिवशी निर्माल्य होते; मांडलेली फांदी सुकली की तीही बाजूला होते. जतन करावयाचा असतो तो विधी. सामग्री दर वेळी नव्याने आणावयाची असते.

इकेबानाच्या स्थलांतराची गुरुकिल्ली येथेच आहे. जी 'जपानी पुष्पमांडणी' आज जगभर शिकविली जाते, तिचा पुष्कळसा भाग आधुनिक काळात घडलेला आहे. मेइजी काळात पाश्चात्त्य फुले जपानी बाजारात आली. आखूड देठांच्या ह्या फुलांना जुन्या उंच घाटांत सामावणे कठीण होते. ओहारा उनशिन (१८६१–१९१६) ह्याने १८९५ च्या सुमारास उथळ भांड्यातील 'मोरिबाना' हा प्रकार रूढ करून त्यांना जागा करून दिली. १९२७ मध्ये तेशिगाहारा सोफु ह्याने सोगेत्सु पंथ स्थापन केला आणि कोणत्याही ठिकाणी, कोणत्याही सामग्रीतून मांडणी करता येते, असा पुरस्कार केला. १९५६ मध्ये तोक्यो येथे एलन गॉर्डन अ‍ॅलन ह्या अमेरिकन महिलेच्या पुढाकाराने इकेबाना इंटरनॅशनल ही संस्था निघाली. पंथप्रमुखाकडून परंपरेने मिळणारा अध्यापनाचा अधिकार आपल्याकडील संगीतघराण्यांची आठवण करून देतो; दूरच्या शहरातील लहानशा दुकानाची मालकीणही अशा प्रमाणपत्राने त्या परंपरेची दुवा ठरते. मात्र तिच्या मेजावरील फांदी क्योतोहून येत नाही. ती जवळच्या बागेतूनच आणावी लागते. आयात झालेला नियम आणि स्थानिक फांदी ह्यांच्या मीलनातून मांडणी सिद्ध होते, आणि भाषांतरित रूपबंधाची स्थितीही तंतोतंत अशीच असते.

साहित्यात हा प्रवास फुलांच्याच सोबतीने झाला, हे विशेष होय. ओकाकुरा काकुझो ह्यांचे कलकत्त्याच्या ठाकूर परिवाराशी १९०२ मध्ये संबंध जुळले. १९०६ मध्ये निघालेल्या त्यांच्या चहावरील इंग्रजी ग्रंथात फुलांना स्वतंत्र प्रकरण आहे. रवींद्रनाथ १९१६ मध्ये जपानला गेले. १९१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'जापान-यात्री' ह्या प्रवासवर्णनात त्यांनी जपानी स्त्रियांनी दाखविलेल्या पुष्पमांडणीचे कौतुक केले आणि बाशोच्या त्रिपदीही बंगालीत आणल्या. प्रत्येक पान व डहाळी ह्यांवर दिलेले लक्ष आणि मोजक्या शब्दांनी थांबणारी कविता, ह्या दोन्हींत त्यांना एकच संयम दिसला. मराठीत हायकूला १९७० च्या दशकात रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने शिरीष पै (१९२९–२०१७) ह्यांना दिले जाते. मराठी हायकूने तीन ओळी स्वीकारल्या, सतरा अक्षरांचे गणित सामान्यतः सोडून दिले, आणि जपानी हायकूत नसलेले यमक पुष्कळदा जवळ केले. काटेकोर दृष्टीने पाहणाऱ्याला हा नियमभंग वाटेल. परंतु उनशिनने उंच भांडे सोडून उथळ भांडे घेतले, तेव्हा त्याने ह्याहून वेगळे काय केले होते?

तथापि भांडे बदलले तरी चालते, म्हणून सर्वच बदलून चालते असे नव्हे. हायकू आणि इकेबाना ह्या दोहोंचा आधार ऋतू हा आहे. जपानी ऋतुशब्दकोशात वसंत, ग्रीष्म, शरद, हेमंत आणि नववर्ष असे विभाग पडतात. तेथील जून-जुलैमधील पावसाची झड ग्रीष्माच्या पोटात येते. भारतीय परंपरेत वर्षा हा स्वतंत्र ऋतू आहे, आणि कालिदासाचे 'ऋतुसंहार' ग्रीष्मापासून सुरू होते. अशा स्थितीत चेरीचा बहर आणि हिमवर्षाव ह्यांचे शब्द जसेच्या तसे उचलणारी मराठी कविता म्हणजे भांड्यात खोचलेली कागदी चेरीची फांदी होय. तिला घाट असतो, पाणी लागत नाही. ज्या भूमीत पळस पाने झाडून निखळ फुलांनी पेटतो, तेथे रेषा आणि अवकाश ह्यांचा धडा देणारी फांदी परदेशातून मागविण्याचे प्रयोजन नाही.

म्हणून छोट्या दुकानाचे आणि भाषांतरित रूपबंधाचे मूल्यमापन एकाच निकषाने करता येईल. फळीवरील वस्तू कितपत अस्सल जपानी आहे, हा प्रश्न व्यापाऱ्याचा आहे. मेजाजवळ बसून शिकलेला विद्यार्थी घरी परतताना वाटेतल्या झाडाकडे नव्या नजरेने पाहतो की नाही, हा प्रश्न कलेचा आहे. भारतीय भाषांत हायकू आला तो किती अक्षरांत, ह्याची मोजदाद आजवर पुष्कळ झाली. त्या त्या भाषेतील कवीला त्याने आपल्या पावसाकडे, आपल्या शिरीषाकडे आणि आपल्या ओळींमधील मोकळ्या जागेकडे किती बारकाईने पाहावयास लावले, ह्याचा शोध घेणे अधिक फलदायी ठरेल.