कायदा मोडणारा सत्याग्रह आणि कायदा बजावणारा सत्याग्रह

२ मार्च १९३० रोजी महात्मा गांधींनी व्हाइसरॉय आयर्विन यांना पत्र लिहून मिठाचा कायदा मोडण्याचा निर्धार कळविला. त्याच दिवशी नाशिकला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर-प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. मार्ग दोघांचाही अहिंसेचा आणि शब्दही एकच. मात्र सत्याग्रह कोणाविरुद्ध, या प्रश्नाला दोघांची उत्तरे निराळी होती.

गांधींसमोर परकी सत्ता होती. तिचा कायदाच अन्याय्य, म्हणून तो उघडपणे मोडायचा आणि शिक्षा हसतमुखाने भोगायची. १२ मार्चला ७८ सहकाऱ्यांसह निघून ६ एप्रिलला त्यांनी दांडीला मीठ उचलले. सरकारची अडचण अशी, की त्यांना पकडले तरी पंचाईत आणि मोकळे सोडले तरी पंचाईत.

आंबेडकरांची स्थिती नेमकी उलट होती. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्येच संमत केला होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले होते. हक्क कागदावर होता, तळ्यावर नव्हता. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी ते पाणी प्यायले, तेव्हा त्यांनी एकही कायदा मोडला नाही. तरीही त्यांच्यावर हल्ला झाला, आणि तो सरकारने नव्हे, गावकऱ्यांनी केला. संतप्त अनुयायांना आंबेडकरांनी प्रतिहल्ल्यापासून रोखले.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा तळे खासगी असल्याचा दावा करून सवर्णांनी न्यायालयाचा तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. गांधींच्या वाटेने जाणारा सत्याग्रही बहुधा तो मोडून तुरुंगात गेला असता. आंबेडकरांनी सत्याग्रह स्थगित केला. याला माघार म्हणणे वरवरचे ठरेल. ज्याला गावच पाणी नाकारते, त्याने कायद्याचा उरलासुरला आधारही का गमवावा? मनुस्मृतीचे दहन मात्र २५ डिसेंबरला झालेच.

सत्याग्रहीच्या क्लेशांनी प्रतिपक्षाचे हृदय पालटते, ही गांधींची श्रद्धा. आंबेडकरांचा तिच्यावर भरवसा नव्हता. काळारामाचे दार वर्षानुवर्षे उघडलेच नाही. १९३४ मध्ये भाऊराव गायकवाडांना त्यांनी कळविले, की मूर्तीची पूजा हा हेतू कधीच नव्हता. दलितांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, यासाठी तो लढा होता. चवदार तळ्याचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने दिला तो १७ मार्च १९३७ रोजी. तळ्याचे पाणी प्रथम प्यायल्याला तेव्हा दहा वर्षे पुरी होण्यास तीनच दिवस उरले होते.