क्षारपड रानातलं निळं तेल

हंगेरीचं आल्फोल्ड मैदान सुपीक म्हणून प्रसिद्ध असलं, तरी त्यातल्या क्षारपड पट्ट्यांवर शेतकऱ्याचा जीव नसतो. उन्हात तिथली जमीन भेगाळते, वर पांढरा खार फुलतो आणि गहू तग धरत नाही. कॅमोमाइलला मात्र हीच जमीन मानवते. वसंतात तिथे ही फुलं आपसूक उगवतात आणि गावकरी दातेरी फणी बसवलेल्या खोक्याने ती ओरबाडून घेतात.

फूल दिसतं छोट्या पांढऱ्या शेवंतीसारखं, कुळही तेच. त्याच्यासारखी दिसणारी रानफुलं बरीच आहेत, पण खऱ्या कॅमोमाइलची पारख सोपी आहे. मधला पिवळा घुमट उभा चिरला की आतून पोकळ निघतो.

खरी गंमत मात्र भट्टीत घडते. पांढऱ्या-पिवळ्या फुलांतून वाफेने काढलेलं तेल गर्द निळं असतं! फुलात निळं काहीच नसतं. तिथे असतं मॅट्रिसिन नावाचं रंगहीन द्रव्य. वाफेच्या उष्णतेने ते मोडतं आणि त्यातून कॅमाझुलीन हे निळं रसायन तयार होतं. उजेडात, हवेत राहिलं तर तेल आधी हिरवट आणि मग तपकिरी पडतं. प्रयोगशाळेत कॅमाझुलीन आणि बिसाबोलोल ही तेलातली दोन्ही द्रव्यं सूज कमी करताना दिसली आहेत.

हंगेरी-जर्मनीतल्या आजीबाईंना हे रसायनशास्त्र ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. सर्दी झाली की गरम पाण्यात फुलं टाकून डोक्यावरून टॉवेल घेऊन वाफारा, हिरड्या सुजल्या की गुळण्या, पोटात मुरडा आला की कपभर काढा. युरोपीय औषध संस्थेने असे उपयोग ‘पारंपरिक’ म्हणून मान्य केले आहेत. म्हणजे आधार दीर्घ वापराचा, कसून घेतलेल्या चाचण्यांचा नव्हे.

आज कॅमोमाइलचा चहा खपतो तो मुख्यतः झोपेच्या नावावर, आणि तिथेच पुरावा लंगडा आहे. फुलातलं एपिजेनिन मेंदूत डायझेपाम या गुंगी आणणाऱ्या औषधाच्याच जागी जाऊन बसतं, हे खरं. पण अमेरिकेत 2011 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निद्रानाशाच्या 34 रुग्णांवर अर्क आजमावूनही झोपेत लक्षणीय फरक पडला नाही. चिंताविकाराच्या 57 रुग्णांवरच्या 2009 सालच्या चाचणीत थोडा फायदा दिसला, तोही चहाचा नव्हे, अर्काच्या कॅप्सूलचा.

आपल्याकडे युनानी हकीम याला बाबूना म्हणतात आणि सांधेदुखीवर रोगन-ए-बाबूनाचं मालिश सुचवतात. उत्तर प्रदेशातल्या ‘ऊसर’ म्हणजे क्षारपड जमिनीतही हे पीक घेतलं जातं. मराठी घरांत मात्र ‘कॅमोमिला’ ओळखीची आहे ती दात येणाऱ्या किरकिऱ्या बाळाच्या साबुदाण्याएवढ्या होमिओपॅथिक गोळ्यांमुळे. दोनशे पोटन्सीच्या, म्हणजे अतिशय विरल केलेल्या, गोळीत या फुलाचा एखादा रेणू सापडण्याचीही शक्यता जवळजवळ नसते, तो भाग वेगळा.

चहाच्या कपात मात्र फूल खरोखर उतरतं, आणि त्याचे परिणामही. आपल्याकडे माजलेलं गाजरगवत याच कुळातलं. त्याने अंगावर पुरळ उठणाऱ्यांना कॅमोमाइलही बाधू शकतं. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये. कॅनडात 2006 साली नोंदवलेल्या एका प्रकरणात वॉरफरिनवर असलेल्या सत्तर वर्षांच्या बाईंनी घसा आणि पायाच्या सुजेसाठी हा चहा आणि याचंच लोशन वापरलं. त्यांना शरीरांतर्गत रक्तस्राव होऊन रुग्णालयात दाखल व्हावं लागलं.